‘ग्री’ कशामुळे वाढली: खेळ, मैत्री की फोनचं बिल?

आडवाट
२००७ च्या सुरुवातीपासून पाच वर्षांहून जास्त काळ मी नोकरीनिमित्त टोकियोत होतो. त्या काळात माझ्या डोळ्यांसमोर एक कंपनी अशी वाढली की अजून तिचा विचार डोक्यातून जात नाही. तिचं नाव ग्री.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगतो. योशिकाझु तानाका हा तरुण राकुतेन या ऑनलाइन खरेदीच्या कंपनीत नोकरी करत होता. फावल्या वेळात घरी बसून त्याने एकट्याने सोशल नेटवर्क बांधलं आणि फेब्रुवारी २००४ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. कंपनी झाली त्याच वर्षाच्या शेवटी. पंचाईत अशी की मिक्सी हे दुसरं सोशल नेटवर्कही फेब्रुवारीच्याच सुमारास सुरू झालं आणि बघता बघता इतकं पुढे गेलं की ग्री मागे पडली. सप्टेंबर २००६ मध्ये मिक्सी शेअर बाजारातही आली. त्या वेळी ग्रीचं काही खरं नाही असंच वाटलं असतं.

मग ग्रीने कॉम्प्युटर सोडून मोबाईल धरला. केडीडीआय या मोबाईल कंपनीने तिच्यात पैसे घातले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये ‘ईझी ग्री’ आलं. केडीडीआयच्या ‘एयू’ फोनवर आकड्यांच्या वरच्या बाजूला ‘ईझी’ असं लिहिलेलं एक बटण असायचं. ते दाबलं की कंपनीचा मेनू उघडायचा, आणि त्या मेनूत ग्री होती. पत्ता टाईप करायला नको, डाउनलोड करायला नको. काही विकत घ्यायचं झालं तर चार आकडी पिन टाकायचा, रक्कम महिन्याच्या फोनबिलात लागायची.

पुढचे आकडे बघा. ग्रीचं वर्ष जूनला संपतं. २००८ ची उलाढाल सुमारे २.९ अब्ज येन, २००९ ची १३.९ अब्ज, २०१० ची ३५ अब्ज, २०११ ची ६४ अब्ज आणि २०१२ ची १५८ अब्ज! चार वर्षांत पन्नासपटीहून जास्त.

माझं मत असं की ही वाढ खेळामुळे झाली नाही, मैत्रीमुळेही नाही. ती झाली त्या बटणामुळे आणि त्या बिलामुळे. तुम्हाला काय वाटतं? तिथे राहिलेल्यांनी आणि या धंद्यात काम केलेल्यांनी जरूर लिहावं.

पारवा
ग्री म्हणजे एसी बनवणारी ना? ती मोबाईलमध्ये कधी गेली?

आडवाट
@पारवा, नाही हो, ती चीनची. ही जपानची, दोघींचा काही संबंध नाही. सहा ओळखींच्या साखळीतून जगातल्या कोणाहीपर्यंत पोहोचता येतं अशी एक कल्पना आहे. इंग्रजीत त्या सहा पायऱ्यांना ‘डिग्री’ म्हणतात, त्याची शेपटी म्हणजे ‘ग्री’.

पारवा
अच्छा! मग बसतो वाचत. येऊ द्या.

सुरंगी
आडवाट, धागा काढलात ते फार बरं केलंत, पण तुमचं मत मला अजिबात पटलेलं नाही.

मी २००८ मध्ये लग्न होऊन जपानात गेले. भाषा येत नव्हती आणि नवरा रात्री दहाला घरी यायचा. भाषेच्या वर्गातल्या एका मुलीने माझ्या फोनवर ‘त्सुरि-स्ता’ लावून दिला. ग्रीने मे २००७ मध्ये आणलेला हा मासेमारीचा खेळ. गळ टाकायचा, मासा लागला की नेमक्या क्षणी बटण दाबायचं. जरा उशीर झाला की मासा सुटला. बस, एवढंच. पण मिळालेल्या माशाची लांबी सेंटीमीटरमध्ये लागायची आणि यादीत कोणाचा किती मोठा हे सगळ्यांना दिसायचं. चांगली काठी, चांगलं आमिष हवं असेल तर पैसे.

माशांची नावं वाचता यावीत म्हणून मी कांजी, म्हणजे जपानीतली चित्रलिपी, शिकले. पहिला चांगला मासा लागला तो ‘ताई’. नवऱ्याला फोन करून सांगितलं, “मला ताई मिळाली!” तो म्हणाला, “कोणाची ताई? कधी आली?”

गंमत बाजूला ठेवते. मी तिथे रोज जायचे ती माशांसाठी नाही. आमचा एक गट होता, स्पर्धेत सगळ्यांचे मासे मिळून मोजले जायचे. मी एक दिवस गेले नाही तर ईशान्य जपानमधल्या सेंदाई शहरातली एक बाई निरोप ठेवायची, “बरी आहेस ना?” सासरमाहेर सोडून आलेल्या मुलीला परक्या देशात असं विचारणारं कोणी असणं म्हणजे काय, ते शब्दांत सांगता येणार नाही. बिलाने माणसं येत नाहीत हो. माणसं माणसांसाठी येतात.

गवतीचहा
सुरंगीताई, ताईचा किस्सा भारी.

मी टोकियोत चार वर्षं मोबाईल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. नाव सांगत नाही. आम्ही ग्री आणि तिची प्रतिस्पर्धी साइट मोबागे दोन्हींसाठी खेळ बनवायचो, त्यामुळे आतून बघितलेलं सांगतो.

पहिली गोष्ट, हे खेळ म्हणजे वेबपानं होती. हलणारी चित्रं ‘फ्लॅश लाइट’ नावाच्या सॉफ्टवेअरची, आणि एका फाइलला १०० किलोबाईटची मर्यादा. आज तुम्ही गटावर पाठवता तो शुभ सकाळचा फोटो त्याहून मोठा असतो. कपाटात रांगेने पन्नासएक फोन असायचे आणि प्रत्येकावर पान तपासायचं. एकावर अक्षर कापलं जायचं, दुसऱ्यावर बटण खाली सरकायचं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. खेळ बाजारात आणला म्हणजे काम संपलं असं नव्हतं, तिथून पुढे ते सुरू व्हायचं. जपानीत त्याला ‘उन्एइ’ म्हणतात, म्हणजे चालवणं. रोज सकाळी दहाला फळ्यावर चार आकडे: काल किती जण आले, त्यातल्या किती जणांनी पैसे दिले, देणाऱ्यांनी सरासरी किती दिले, आणि परवा पहिल्यांदा आलेल्यांपैकी काल किती परतले. आकडा पडला की दुपारपर्यंत बदल करून पान पुन्हा वर. वेबपान असल्यामुळे कोणाची परवानगी लागत नव्हती. सीडीवर खेळ विकणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांना हे जमत नव्हतं.

म्हणून माझं उत्तर: वाढ झाली ती या रोजच्या चालवण्यामुळे. बटण दार उघडतं, पण आत आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा का येतो याचं उत्तर बटणात नाही.

मुक्कामपोस्ट
मला आडवाट यांच्या तर्कात एक भोक दिसतं. डीएनए कंपनीच्या मोबागेला ते बटण कुठे होतं? तोमोको नाम्बांनी १९९९ मध्ये कंपनी काढली, सुरुवात लिलावाच्या साइटने झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये मोबागे-टाउन आलं ते कुठल्याही मोबाईल कंपनीच्या अधिकृत मेनूत नव्हतं. फुकट छोटे खेळ, सजवायला बाहुली, मित्राला बोलावलं की खोटी नाणी. एवढ्यावर शाळकरी मुलं धावत आली. बटणाशिवाय.

आणि ज्या मिक्सीला सगळे जिंकलेलं समजत होते, तिच्याकडे मैत्री भरपूर होती. रोजनिशी लिहायची, कोण वाचून गेलं त्यांच्या पावलांच्या खुणा बघायच्या. कमाई मात्र जाहिरातींवर. तेव्हा नुसती मैत्रीही पुरत नाही, नुसतं बटणही पुरत नाही.

आडवाट
@मुक्कामपोस्ट, मोबागेचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण एक बघा. मोबागेवर गर्दी २००६ पासून होती, पैशाचा पूर आला ऑक्टोबर २००९ मध्ये ‘काइतो रॉयल’ हा चोरांचा खेळ आल्यावर. म्हणजे गर्दी आणि कमाई या दोन वेगळ्या गोष्टी. कमाईसाठी पैसे देणं सोपं असावं लागतं. जपानात ते १९९९ पासून सोपं होतं, कारण डोकोमो या मोबाईल कंपनीने आय-मोड ही फोनवरची इंटरनेट सेवा आणली तेव्हाच साइटचे पैसे फोनबिलातून वसूल करायची सोय केली आणि त्यात स्वतःचा वाटा ठेवला फक्त ९ टक्के. पुढे ॲप स्टोअरवाले ३० टक्के घ्यायला लागले तेव्हा तो आकडा आठवला. त्यात २००३-०४ पासून इंटरनेटला महिन्याचा ठरावीक दर आला, म्हणजे दहा मिनिटं जास्त खेळलं तरी डेटाचे पैसे वाढत नव्हते.

बटणाचा हट्ट सोडतो. बिलाचा सोडत नाही.

कंदील
+१ आडवाट. आणि तिथल्या लोकल गाड्या विसरू नका. गाडीत फोनवर बोलायचं नाही हा शिष्टाचार, घर ते ऑफिस तासभर, एका हातात कडी. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खेळता येईल असं काहीतरी हवंच होतं.

दीपमाळ
बराच विचार करून लिहिते आहे.

आडवाट, तुम्ही ज्या बिलाचं कौतुक करताय ते २०११ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या घरी आलं. ४३,००० येन. मुलगा १३ वर्षांचा. खेळ कुठला, कोणाचा हे इथे लिहीत नाही. लिफाफा उघडला तेव्हा वाटलं दुसऱ्या कोणाचं बिल आपल्याकडे आलं. पान उलटलं तर ३०० येन, ३०० येन, ३०० येन अशी ओळ खालपर्यंत. वेळाही छापलेल्या होत्या. रात्री ११:५२, ११:५३, ११:५३, ११:५४.

मुलाला ओरडायला गेले आणि तो रडत म्हणाला, “आई, पाच पत्ते मिळाले होते, एकच राहिला होता.” पिन कुठून मिळाला? मीच एकदा त्याच्यासमोर टाकला होता, लक्षात राहायला सोपा होता.

मला ग्री, मोबागे, कोणाशी भांडायचं नाही. पण उलाढाल पन्नासपट झाली असं वाचते तेव्हा मला ती ३०० येनची रांग दिसते.

सुरंगी
दीपमाळ, वाचून पोटात कालवलं. मुलगा आता कसा आहे?

दीपमाळ
@सुरंगी, छान आहे, स्वतःच्या पायावर उभा आहे. पत्त्यांचा विषय निघाला की अजून मान खाली घालतो. मी म्हणते, चूक तुझी एकट्याची नव्हती.

शून्यशेष
दीपमाळताईंच्या मुलाचं “एकच राहिला होता” हे वाक्य म्हणजे या धंद्याचं सगळं गणित आहे. तेवढं मांडतो.

गाचा म्हणजे नाणं टाकून दांडी फिरवली की खेळणं बाहेर पडतं त्या यंत्राचा मोबाईल अवतार, खेळण्याच्या जागी पडद्यावरचा पत्ता. काय पडेल ते आपल्या हातात नाही. ‘कॉम्प्लीट गाचा’त त्याच्यापुढची पायरी होती: ठरावीक पत्ते सगळे जमवले तरच खरं बक्षीस.

समजा सहा पत्ते आहेत आणि प्रत्येकाची शक्यता सारखी. पहिला नवा पत्ता एका खेपेत मिळतो. दुसऱ्याला सरासरी १.२ खेपा, तिसऱ्याला १.५, चौथ्याला २, पाचव्याला ३ आणि सहाव्याला ६. एकूण १४.७. म्हणजे पाच पत्ते ८.७ खेपांत येतात आणि एकटा शेवटचा ६ खातो. खेळणाऱ्याला वाटतं आपण पाच षष्ठांश वाट चाललो. खर्चाच्या हिशेबात तो ५९ टक्क्यांवरच असतो.

हे झालं सगळे पत्ते सारखे असताना. शेवटच्या पत्त्याची शक्यता १ टक्का ठेवली, तर १०० वेळा दांडी फिरवूनही १०० पैकी ३७ जणांना तो मिळत नाही. ३०० येन गुणिले १०० करून बघा. तेरा वर्षांच्या मुलाने हे गणित करावं ही अपेक्षाच चुकीची. मोठ्यांनाही ते रात्री बारा वाजता सुचत नाही.

गवतीचहा
शून्यशेष म्हणतात ते खरं आहे, आणि मी त्या खोलीत बसलेलो होतो. आमच्या खेळातही अशी जोडणी होती. ती लावली त्या आठवड्यात फळ्यावरचा तिसरा आकडा, म्हणजे देणाऱ्यांची सरासरी, दुपटीच्या वर गेला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दीपमाळताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला. त्या आकड्यात तुमच्या घरासारखी घरं होती हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कंदील
पुढे सरकारने बंद केलं ना ते?

आडवाट
@कंदील, हो. ५ मे २०१२ ला बातमी फुटली की ग्राहक व्यवहार संस्था कॉम्प्लीट गाचाला बेकायदा ठरवणार. सुट्ट्या संपून ७ मे ला बाजार उघडला, तर ग्री आणि डीएनएचे शेअर दिवसाच्या खालच्या मर्यादेला जाऊन टेकले. ऑफिसात त्या दिवशी कोणी दुसरं बोलत नव्हतं. दोन दिवसांत सहा कंपन्यांनी एकत्र जाहीर केलं की महिनाअखेर हे बंद करतो. १ जुलैपासून सुधारित नियमही लागू झाला. नियम मुळात जुनाच, पत्ते जुळवायला लावून बक्षीस द्यायचं नाही हा. मोबाईलला तोच लागू आहे एवढंच स्पष्ट केलं. त्याच वसंतात ग्रीने १५ वर्षांपर्यंतच्यांना महिन्याला ५,००० येन आणि १९ पर्यंतच्यांना १०,००० येन अशी मर्यादाही घातली होती. दीपमाळताईंच्या घरासाठी सहा महिने उशिरा.

मुक्कामपोस्ट
पण पडझड गाचाबंदीमुळे झाली असं समजू नका. बंदीनंतरचं पहिलं पूर्ण वर्ष, जून २०१३ पर्यंतचं, घ्या. उलाढाल १५२ अब्ज होती, म्हणजे फारशी घटली नाही. नफा मात्र ८२.७ अब्जावरून ४८.६ वर आला. २०१२ मध्ये दर १०० येनमागे ५२ येन नफा होता, असा धंदा मी दुसरा पाहिला नाही. तो गेला कुठे?

खरं कारण स्मार्टफोन. त्यावर ईझी बटण नाही, मेनू नाही, बिलाची किल्ली ॲपलकडे आणि गूगलकडे. ग्रीला हे दिसत नव्हतं असं नाही. एप्रिल २०११ मध्ये १०.४ कोटी डॉलरला ओपनफेंट घेतली, मे २०१२ मध्ये २१ कोटी डॉलरला फंझिओ, दोन्ही अमेरिकेतल्या मोबाईल खेळांच्या कंपन्या. ओपनफेंट दोन वर्षांच्या आत बंद केली. डीएनएनेही २०१० मध्ये ४० कोटी डॉलरपर्यंतचा सौदा करून तशीच एनजीमोको घेतली होती. दोघांनाही जगाचा मधला बाजार व्हायचं होतं, जिथे दुसऱ्यांचे खेळ येतील आणि आपण वाटा घेऊ. त्या हव्यासापायी भांडणंही झाली. ग्रीला खेळ देणाऱ्या कंपन्यांची मोबागेवर अडवणूक केली म्हणून जून २०११ मध्ये स्पर्धा आयोगाने डीएनएला आदेश दिला, नोव्हेंबरात ग्री आणि केडीडीआय डीएनएविरुद्ध कोर्टात गेल्या.

आणि हे दोघे भांडत असताना फेब्रुवारी २०१२ मध्ये गंगहो कंपनीचा ‘पझल अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. थेट ॲप स्टोअरवर. मधला बाजार लागलाच नाही.

गवतीचहा
+१. आमच्या ऑफिसात तो दिवस मला आठवतो. प्रमुखांनी पझल अँड ड्रॅगन्स हातात घेतला, बोटाने गोळे सरकवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पान परत लोड होत नाही.” आमच्या खेळात प्रत्येक क्लिकला पान लोड व्हायचं. १०० किलोबाईटमध्ये कसरती करायला शिकलेली आमची माणसं एका फटक्यात नवखी झाली.

पारवा
आणि मिक्सीचं काय झालं? ती मेली का?

मुक्कामपोस्ट
@पारवा, मिक्सीचीच कथा सगळ्यांत मजेदार. सोशल नेटवर्क ओस पडत चाललं होतं, कंपनी बुडणार असं सगळे म्हणत होते, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये तिने ‘मॉन्स्टर स्ट्राइक’ आणला. चार मित्रांनी शेजारी बसून आपापल्या फोनवर एकत्र खेळायचा. कंपनी पुन्हा उभी राहिली.

कंदील
अवांतर: डीएनएने २०११ च्या डिसेंबरात योकोहामाचा बेसबॉल संघ विकत घेतला. मी तेव्हा तिथे राहायचो. आमच्या गल्लीतले आजोबा रोज विचारायचे, “हे डीएनए म्हणजे औषधाची कंपनी का?” शेवटी मी त्यांच्या नातवाच्या फोनवर दाखवलं. म्हणाले, “एवढ्याशा पडद्यावर पोरं खेळतात त्यातून संघ विकत घेता येतो?”

आडवाट
मूळ प्रश्नाकडे येतो. सगळं वाचून माझं मत बदललं आहे. वाढीचं कारण एकटं बिल नाही. ओळख, खेळ, पैसे देण्याची सोय आणि रोजचं चालवणं हे सगळं जपानच्या जुन्या फोनमध्ये एकाच ठिकाणी होतं, आणि ग्री नेमकी त्या ठिकाणी उभी होती. स्मार्टफोन आल्यावर हे चौघे चार घरी गेले. पैसे आणि खेळ ॲप स्टोअरकडे गेले. पण एक मला कळलेलं नाही, मैत्री कुठे गेली? सुरंगीताई, तुमचा गट होता. तो गट ग्रीवरच थांबला असता तर कंपनीला हा एक धागा तरी राहिला असता. तुम्ही का सोडलंत?

सुरंगी
आडवाट, उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण जुना फोन शोधत होते. सापडला, पण चार्ज होत नाही.

११ मार्च २०११ ला ईशान्य जपानात मोठा भूकंप झाला तेव्हा मी टोकियोत घरी एकटी होते. व्हॉइस कॉल लागत नव्हते, इंटरनेट मात्र रडतखडत चालत होतं. नवऱ्याला मेल टाकला आणि दुसरं काही सुचेना म्हणून ग्री उघडलं. आमच्या गटाच्या फलकावर एकामागून एक निरोप. “मी ठीक.” “मी शाळेत आहे, ठीक.” सेंदाईच्या बाईंचा नव्हता. त्या दिवशी कोणी गळ टाकला नाही. रोज उघडायचं आणि फलक बघायचा. सहाव्या दिवशी त्यांचा निरोप आला. घर उभं आहे, वीज नाही, फोन गाडीच्या बॅटरीवर चार्ज केला, आणि खाली, “आपला गट कितव्या नंबरवर आहे?”

मी ते वाचून हसले आणि रडले.

सोडलं कसं, तर ठरवून नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ‘लाइन’ हे निरोप पाठवायचं ॲप आलं. पुढच्या वर्षी मी स्मार्टफोन घेतला, त्यांच्या मुलीने त्यांनाही घेऊन दिला. लाइनवर निरोप लगेच जायचा, वाचला की कळायचं, फुकट फोनही लागायचा. ग्रीवर आम्हाला एकमेकींचं खरं नावही माहीत नव्हतं, ते लाइनवर कळलं. त्यानंतर मासे पकडायला जायचं कारण राहिलं नाही.

त्सुरि-स्ता दहा वर्षं झाल्यावरही चालू होता, हे मला त्यांनीच कळवलं. त्या आता सत्तरीच्या आहेत. मी त्यांना या चर्चेबद्दल सांगितलं आणि विचारलं, तुम्ही का खेळायचात? त्यांचं उत्तर लाइनवर आलं ते तसंच देते: “दुकान बंद केल्यावर रात्री घरात आवाज नसायचा. तुझी ताई माझ्यापेक्षा चार सेंटीमीटरने मोठी होती, ते मी अजून विसरले नाही.”